नाल्याकाठचा गहू

रामाकोना

चि. भूपेंद्र,

सहा वर्षं झाली, आपण भाऊ असून एकमेकांशी बोललो नाही. म्हणून आधी कागदावर लिहून पाहून राहिलो.

वाटणीत नाल्याकाठचं वावर मी भांडून घेतलं. नाल्याच्या पाण्यावर माझा गहू कमरेएवढा व्हायचा. तुझा विहिरीवरचा पिवळा दिसायचा आणि मी चारचौघांत हसायचो.

शेतकी कॉलेजच्या मानसी मॅडमनं मागं माझा गहू आणि नाल्याचं पाणी तपासायले नेलं होतं. काल त्या तपासणीचा कागद घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "काका, शहराचं सांडपाणी नाल्यात येतं. त्यातल्या नत्रानं तुमचा गहू हिरवागार होतो. पण त्याच पाण्यात शिसंही आहे. ते मातीत मुरलं, आता दाण्यात आलं."

मी म्हटलं, "पण मॅडम, गहू तर मोत्यासारखा दिसते!"

"शिसं डोळ्याला दिसत नाही, काका."

आपली लेक दामिनी बाळंतपणाला माहेरी आली आहे रे आणि दोन महिन्यांपासून हाच गहू खाऊन राहिली. तिच्या रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा आहे. तुझ्या वहिनीनं पिठाचा डबा अंगणात उपडा केला आणि तिथंच बसून राहिली.

आज सकाळी पाहिलं, विहीर आटली म्हणून तू नाल्यावर पाईप टाकून राहिला. तुले सांगितलं तर गावात बोभाटा होईल, माझा गहू कोणी घेणार नाही. गप्प राहावं, असं मनात आलंच. हे लिहितानाही लाज वाटून राहिली.

दुपारी लाईट येईल आणि तुझी मोटर सुरू होईल. पत्र घरीच ठेवतो. सांगाले मीच येऊन राहिलो.

तुझा दादा,
गजेंद्र