दुसरा भाग आधी

प्रिय शेंडेफळ,

पत्र बघून आधी घाबरशील आणि मग हसशील. रविवारी फोनवर चांगला अर्धा तास बोललो आणि आता लगेच दादाचं पत्र, म्हणजे याचं डोकं ठिकाणावर आहे ना? आहे. पण फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. मी एक वाक्य जुळवतो, तोवर तू ‘जेवलास का’ विचारून मोकळी होतेस. म्हणून दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलंय, बाइंडिंगच्या खळीचा डबा बाजूला सारलाय आणि लिहायला बसलोय. विषय तुझा आवडता, माझा नावडता: दरवर्षी आपण दोघांत मिळून घेतो ते पुस्तक यंदा छापील घ्यायचं की ई-बुक? गेल्या वर्षी आपण याच्यावरून भांडलो आणि यंदा तू विषयच काढला नाहीस. तू भांडायची थांबलीस की मला चैन पडत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आठवतं का गं, बाबा पुस्तक कसं कापायचे? घरात नवं पुस्तक एकच येणार आणि वाचणारे आपण दोघं, तेही एकाच वेळी वाचायला हवं असणारे. एकदा आपल्या ओढाओढीत मुखपृष्ठ टरकन फाटलं. बाबा उठले, पुस्तक मधोमध उसवलं, दोन्ही भागांना वेगवेगळे पुठ्ठे चढवले आणि आपल्या हातात एकेक ठेवला. त्यानंतर प्रत्येक पुस्तकाचं तेच झालं. बाइंडरच्या घरातच हे असलं सुचणार. मी मोठा, म्हणून पहिला भाग माझा. त्यावर तू कितीही थयथयाट केलास तरी मी बधलो नाही. बिचारी तू आयुष्यभर गोष्टी अर्ध्यातून वाचत आलीस. शिवण जिथे सुटेल तिथे पुस्तक तुटायचं, त्यामुळे माझा भाग ‘आणि तेवढ्यात दार’ म्हणून संपायचा आणि तुझा ‘उघडलं’ म्हणून सुरू व्हायचा. कोण कोणाचं कोण, ते तू मला जिन्यात बसून विचारायचीस आणि मी फार भाव खायचो. पण एक होतं. त्या बोटीच्या गोष्टीत मी इतका घाबरलो होतो की पुस्तक उशीखाली दडवून ठेवलं. तू तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. जवळ येऊन म्हणालीस, “शेवट चांगला आहे, दादा. वाच तू, मी आहे ना.” मी वाचलं. तुला हे आठवतही नसेल.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी वहिनी गुडघ्यांवर चिडलेली असते आणि राग माझ्यावर काढते. दुकानात कॉलेजच्या पोरांचे प्रबंध येतात, कचेऱ्यांची रजिस्टरं येतात, अधूनमधून कुणी म्हातारं माणूस पानं सुटलेलं पुस्तक छातीशी धरून येतं. तेवढ्यावर माझं भागतं आणि वेळही जातो. गंमत म्हणजे कामाला लागलेली नवी मुलगी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कादंबऱ्या वाचते. बाइंडरच्या दुकानात बसून! पूर्वी मी तिला चार शब्द ऐकवले असते. आता गुपचूप विचारतो, कुठवर आलीस?

हा बदल कसा झाला, तेच सांगायचंय. गेल्या वर्षीचं पुस्तक मी नेहमीसारखं आणलं, कापलं, तुझ्या भागाला तुझा आवडता निळा पुठ्ठा चढवला, वर पत्ता घातला. आणि तुझा फोन आला की कागदी नको रे दादा, ई-बुक घेतलंय, यापुढे तेच घेत जाऊ. भाऊजींना बरं नव्हतं, एवढंच तू म्हणाली होतीस, आणि मी मूर्खासारखं साधा ताप असेल असं धरून चाललो. मला वाटलं, बाइंडरची पोर, बाइंडरची बहीण, आणि हिला आता पुस्तकाचं ओझं झालं. मी म्हणालो, मग मीही दुकानाला कुलूप लावतो. फोन ठेवला आणि दोन आठवडे उचलला नाही. दोन आठवडे! नंतर थेट भाचीचाच फोन आला, तोवर भाऊजी गेले होते. मी आठवडाभर तुझ्याकडे राहिलो, पण त्या भांडणाबद्दल तू बोलली नाहीस आणि माझीही हिंमत झाली नाही. तुझं पार्सल आणि माझा न उघडलेला भाग तेव्हापासून माळ्यावर पडून होते.

भाची गेल्या महिन्यात आली होती ना, तेव्हा माझी बडबड ऐकून ती वैतागली. मामा, आधी वापरून बघ, मग नावं ठेव, म्हणाली आणि तुझ्याच खात्यावरून गेल्या वर्षीचं ते पुस्तक माझ्या मोबाइलवर घालून दिलं. मी सहज विचारलं, तुझ्या आईला अचानक हे वेड कुठून लागलं? तिने मोबाइल माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, “आई बाबांना वाचून दाखवायची, मामा. एक हात बाबांच्या हातात असायचा. दुसऱ्या एकाच हाताने छापील पुस्तक धरून पान कसं उलटणार?” मी उठून आत गेलो आणि खळ ढवळत बसलो. खळ तयारच होती.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. त्यात म्हणे खूण राहते, वाचणारा कुठे थांबला त्याची. तुझी खूण सातव्या प्रकरणात आहे. खाली तारीखही येते. ती तारीख कोणती, हे मी तुला लिहायला नको. दर रविवारी मी विचारतो, पुस्तक कुठवर आलं, आणि तू सांगतेस, छान चाललंय, संपतच आलं. मला तुझा राग नाही आला, शेंडेफळ. माझा आला. माझं चुकलं. मी कागदाचा कैवार घेऊन बसलो आणि तुझा हात कुठे गुंतला होता ते विचारलंसुद्धा नाही. तुझ्या खात्यावर मी एक पानही पुढे सरकलो नाही. मी वाचायला लागलो तर तुझी खूण हलेल, या भीतीने तो मोबाइल मी कपाटात ठेवला आणि दोन दिवस वहिनीच्या फोनवरून सगळीकडे बोललो. ती मला वेड्यात काढतेय.

तर यंदा नवं पुस्तक नको. ई-बुक आहे तसंच राहू दे, ती खूण तुमची दोघांची आहे. मी माळ्यावरून गेल्या वर्षीचं पार्सल आणि माझा भाग काढला, दोन्ही भाग उसवले आणि तुझी खूण आहे तिथून पुन्हा वेगळे शिवले. तू भाऊजींना वाचून दाखवलंस तो भाग मी वाचलेला नाही, पुठ्ठा चढवून नुसता बांधून ठेवलाय. मी पुढचाच तेवढा वाचला. जन्मात पहिल्यांदा गोष्ट अर्ध्यातून वाचली, कोण कोणाचं कोण काही कळेना, आणि तू इतकी वर्षं काय सोसलंस ते कळलं. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय, पुस्तक घेऊन. आधी तू मला सुरुवात सांगायचीस, भाऊजी कुठे हसले, कुठे झोपून गेले, ते सगळं. मग तिथून पुढे मी मोठ्याने वाचेन. माझे दोन्ही हात पुस्तकात अडकलेले असतील, त्यामुळे तूच माझ्या बाहीला धरून बस. आणि घाबरू नकोस. शेवट चांगला आहे. मी आहे ना.

तुझाच,
या खेपेला दुसऱ्या भागाचा मालक,
दादा