शेवटच्या फेरीचा फोटो आणि मिसेस ह्रूबेशचा बैल

आयोवा, मे १९७१

प्रिय ऑगस्टदादा,

तुला आणि तुझ्या लेकीला, मेबलला, आम्हा दोघांचा प्रेमाचा नमस्कार. टूसॉनच्या कोरड्या हवेने तुझा खोकला कमी झाला असेल आणि तिच्या हातचं तू मुकाट्याने जेवत असशील, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे. (माझी पँट सोडून. ते पुढे येईलच.)

गाडी बंद होण्याआधी ‘माझ्या इंजिनाचा’ एक फोटो पाठव, असं तू लिहिलं होतंस. तू निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते इंजिन तुझंच, याबद्दल गावात कुणाचं दुमत नाही. म्हणून शेवटच्या फेरीला मी नदीच्या पुलापलीकडचं वळण निवडलं. तिथे सगळी गाडी एका नजरेत मावते. जागा मिसेस ह्रूबेशच्या कुरणात आहे. ती म्हणाली, “खुशाल जा. फाटक तेवढं लाव.” मी लावलं. आत बैल आहे, हे मात्र ती बोलली नाही. (नंतर विचारलं तर म्हणाली, “तू कुरणाबद्दल विचारलंस, बैलाबद्दल कुठे विचारलंस?”)

तिवई रोवून मी कॅमेऱ्यात डोकावलो, तर रुळांच्या जागी एक ओली नाकपुडी. पुढचं मला नीटसं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी कुंपणाच्या खांबावर होतो, पँटचा मागचा भाग काटेरी तारेत होता आणि कॅमेरा बैलाच्या पायाखाली. थेल्मा कुंपणाबाहेर मोटारीत बसून हॅमचं सँडविच खात होती. “डेल्बर्ट,” ती म्हणाली, “तुला माणसं घाबरत नाहीत, तो बैल का घाबरेल? हलू नकोस.” मी कुठे हलणार होतो?

तेवढ्यात पुलावर घरघर सुरू झाली. दादा, तू आयुष्यभर त्या इंजिनाच्या आत बसलास. ते येताना कसं दिसतं हे तुला कधी दिसलंच नसेल, म्हणून सांगतो. आधी खांब थरथरला. मग वळणावरून ते बोथट, गोल नाक बाहेर आलं. रंग जागोजागी उडालेला, पण चाल घाई नसलेल्या म्हाताऱ्या राजासारखी. पाठोपाठ दुसरं इंजिन, मग ते चंदेरी डबे, आणि त्यांच्या अंगावरून ऊन पाण्यासारखं वाहत गेलं. जेवणाच्या डब्यात टेबलांवर पांढरी कापडं घातलेली होती. शेवटच्या दिवशीसुद्धा. एका डब्याच्या छतावरच्या काचेच्या घुमटाखाली एक म्हातारी हॅट सावरत उभी होती. तू शिकवलेला लेस्टर गाडी चालवत होता. मला खांबावर पाहून त्याने भोंगा दिला, तुझ्यासारखा, शेवटी लांबवून. एरवी मान वर न करणाऱ्या गायी वळून बघायला लागल्या. मी हॅट काढली. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढली. मागचा गोल डबा झाडांआड गेला आणि रूळ नुसते रूळ उरले.

सोबतचा फोटो भिंतीवर लाव.

तुझा धाकटा,
डेल्बर्ट

ता.क. फोटो थेल्माने मोटारीच्या खिडकीतून तिच्या साध्या डबा-कॅमेऱ्याने काढला आहे. एका हातात सँडविच होतं. उजव्या कोपऱ्यात फाटक्या पँटचा जो माणूस आहे, तो मेबलला दाखवताना अंगठ्याने झाक.

ता.क. २. विमानात पाय ठेवणार नाही, येईन तर रेल्वेनेच, असं तू म्हणत आलास. आता गाडीच नाही, तेव्हा ती सबबही संपली. मोटार घेऊन न्यायला येतो. नाही म्हणू नकोस.

ता.क. ३. (मी थेल्मा. हा पाकिटाला तिकीट शोधतोय तोवर लिहिते.) ऑगस्ट, बैल तर इंजिनाच्या आवाजानेच पळाला होता. हा तरी खांबावरच, रिकाम्या रुळांकडे बघत. मी सगळी सँडविचं संपवली तरी उतरेना. खालची खोली लावून ठेवली आहे. त्या गाडीबद्दल याला तुझ्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही, आणि माझे कान आता थकले. ये.