पोट बरं झाल्याचा दाखला

६ सप्टेंबर १८९१, रविवार

लिही — आज थिर्झाने मटण तसंच ठेवलं आणि ताटावरून उठली! लिहिलंस? नाक मुरडू नकोस. हात तुझा असला, थिर्झा, तरी बोलणं तुझ्या आजीचं. शाळेत बक्षीस मिळालेली वही, आणि पहिल्या पानावर एक गुलाब काढून नुसती जपून ठेवली बाईसाहेबांनी. आता तिच्यात मी बोलणार. घरात माझं कोणी ऐकत नाही. कागद निदान बोलणं मध्येच टाकून उठून जात नाही.

तर थिर्झा पोट धरून भिंतीकडे तोंड करून बसली. "वात धरलाय गं आजी." सगळ्या लाँग्टनला वातच धरतो! कपबशांच्या कारखान्यात झिलईच्या टबावर काम करणाऱ्या, आमच्या थिर्झासारख्या पोरींना जरा जास्तच. दिवसभर पांढऱ्या शिशाच्या पाण्यात कप बुडवायचे, त्याच हातांनी भाकरतुकडा खायचा, आणि पोटात कळ आली की म्हणायचं, वात.

(आजी, पाव. भाकर नाही. — तू लिही गं.)

८ सप्टेंबर

शेजारच्या ज्युडिथ पॉइंटनकडे जाऊन आले. तीही टबावरचीच. दोन्ही मनगटं ओले मोजे वाळत घातल्यासारखी लोंबतात. नवरा कपाने चहा पाजतो आणि हनुवटी पुसतो. चाळिशीसुद्धा आली नाही अजून.

मी विचारलं, "ज्युडिथ, तुझं पहिल्यांदा काय बिघडलं होतं?"

"पोट, टॅमरबाई. वात धरायचा."

घरी येऊन थिर्झाला सांगितलं. ती म्हणाली, "ज्युडिथमावशीचं वेगळं."

९ सप्टेंबर

एनॉकने बाटली आणली. माझा लेक, थिर्झाचा बाप — कुंभारकामाच्या धुळीने छाती भरलेली, जिना चढताना मध्ये बसतो, पण पोरीच्या पोटासाठी क्लूजच्या औषधांच्या दुकानापर्यंत धावत गेला. बाटलीवर जाळीची टोपी घातलेली एक म्हातारी आहे. नाव सिस्टर पेशन्स. माझ्यापेक्षा गाल गुबगुबीत! अपचन, वात, पित्त, काळजातली धडधड, बायकांची उदासी, सगळ्यावर एकच सरबत. एनॉक वाचत होता आणि मी मोजे विणत होते. शेवटी विचारलं, "गळकं छप्पर?" नाही म्हणाला, ते नाही लिहिलेलं.

मी बोट बुडवून चाटलं. काकवी, कोरफड, आणि मागून दारूचा भपका! आमचा क्लूजबंधू म्हणजे चॅपलचा, आमच्या प्रार्थनाघराचा कारभारी, दारूबंदीच्या मिरवणुकीत निशाण धरून पुढे. आणि दुकानात हे.

"आई, औषधातली दारू दारू नसते," एनॉक म्हणाला.

मग मलाही वात धरलाय म्हणावं.

१२ सप्टेंबर

थिर्झाचं पोट साफ झालं. घरात लग्न ठरल्यासारखा आनंद. ओटची धिरडी आणि चीज, दोन खाल्ली.

२० सप्टेंबर

आता भांडण लिही. लिही म्हणते ना!

मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. थिर्झा म्हणाली, "डॉक्टर हिरड्या बघतो. निळी रेघ दिसली की शिसं लागलं म्हणून कारखान्याला नाव कळवतो. मग मला वर कोण घेईल?"

वर म्हणजे रंगखोली. तिथे पोरी खिडकीपाशी बसून बशांवर फुलं काढतात. बोटांना रंग लागतो तेवढाच. मुकादमाने थिर्झाला शब्द दिलाय — नाताळनंतर एक जागा होईल, हात बरा असेल तर बघू. तेवढ्यासाठी ही पोर टबावर टिकून आहे. शिसं लागलेली मुलगी रंगखोलीत कोणी घेत नाही. आज ना उद्या हात लुळे पडणार, मग शिकवायचं कशाला!

"तोंड उघड," मी म्हटलं.

"नाही."

"आजीला दाखवायला काय हरकत आहे?"

"तुझं तोंड बंद राहत नाही, म्हणून मी माझं उघडत नाही."

एनॉक हसला. मीही हसले. हसायला नको होतं.

११ ऑक्टोबर

पुन्हा कळा. पुन्हा बाटली. दोन दिवस बरं, मग पोटात पुन्हा दगड. आता चमच्याने नाही, कपाने घेते. चेहरा न भाजलेल्या बशीसारखा. मी म्हटलं तर म्हणते, "गोरी दिसते ना?"

१८ ऑक्टोबर, रविवार

क्लूजबंधू स्वतः घरी आला! टोपी गुडघ्यावर, आवाज प्रार्थनेचा. सरबतवाले नव्या वर्षाचं पंचांग छापतात, प्रत्येक दारात फुकट टाकतात. ग्रहणं, जत्रा, आणि पानोपानी बरे झालेल्यांचे दाखले. या वर्षी त्यांना एक दाखला लिहिणारीच्या स्वतःच्या अक्षरात हवाय, जसाच्या तसा ठसा उठवून छापायला. आणि सगळ्या चॅपलमध्ये थिर्झासारखं अक्षर कोणाचं आहे?

"आणि बरं वाटतंय ना सिस्टर थिर्झा?"

"आज बरं आहे," थिर्झा म्हणाली. खोटं नव्हतं. काल रात्री अर्धी बाटली घेतली होती.

"मग लिहा — मी मरणाच्या दारात उभी होते."

"मी संडासाच्या दारात उभी होते, क्लूजबंधू."

एनॉकला हसताना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. क्लूज लाल झाला, पण हटला नाही. "मरणाच्या," म्हणाला.

मी विचारलं, "आणि उद्या पुन्हा दुखलं तर दुसरा दाखला छापाल?"

"टॅमरबाई, श्रद्धा हवी."

श्रद्धा पोटात घालायची असते हे मला माहीत नव्हतं. बाटलीत भरून ठेवा, म्हटलं.

तो गेल्यावर थिर्झाने टेबल पुसलं, टाकाला नवं टोक बसवलं, आणि ओठ दाबून लिहायला बसली. मी म्हटलं, कशाला गं हे नाटक? तेव्हा हळूच म्हणाली, "पंचांग मुकादमाच्याही घरी जातं, आजी. माझा हात बघेल तो."

मग मी दिवा तिच्याजवळ सरकवला. मला अक्षर कळत नाही, पण त्या ओळी तारेवर बसलेल्या चिमण्यांसारख्या होत्या. एकसारख्या, शेपट्या एका बाजूला.

८ नोव्हेंबर

थिर्झाच्या हातून माझा निळ्या काठाचा कप पडला. "ओला होता," म्हणाली.

कप कोरडा होता. मीच पुसून ठेवला होता.

(आजी, ओला होता. — बरं, ओला लिही.)

२२ नोव्हेंबर

आज ज्युडिथच्या नवऱ्याला विचारलं, पोटानंतर किती दिवसांनी हात गेले? तो म्हणाला, "आम्ही पोटाकडेच बघत होतो."

हे थिर्झाने लिहायला नकार दिला. मी म्हटलं, लिहिलं नाहीस तर भर प्रार्थनेत मोठ्याने सांगेन. तेव्हा लिहिलं. डोळे पुसत लिहिलं. शाई पसरली ती त्याने.

५ डिसेंबर

पंचांग आलं! दाराखालून आत सरकलं आणि थिर्झाने झडप घातली. सिस्टर पेशन्स मुखपृष्ठावर, आणि आत पान भरून थिर्झाचं अक्षर, तिच्या हातच्या वळणासकट. एनॉकने तीनदा वाचून दाखवलं. "आता माझ्या प्रकृतीची काहीही तक्रार नाही. मी दिवसभर काम करते आणि थकत नाही." क्लूजने ते पान फाडून दुकानाच्या काचेवर लावलंय. गल्लीतल्या बाया थांबून बघतात आणि आत जाऊन बाटली घेऊन येतात.

एनॉक म्हणाला, "आमच्या घरातलं कोणी छापून आलं नव्हतं आजवर." आणि पाठ फिरवून खोकला. नुसता खोकला नव्हता तो.

मी धिरड्यांबरोबर बेकन तळलं. थिर्झाने खाल्ल्यासारखं केलं.

१२ डिसेंबर

मुकादमाने पंचांग पाहिलं. थिर्झाला सगळ्यांदेखत हाक मारली.

"तूच ना ही? वा! काय अक्षर आहे! आणि तब्येत ठणठणीत म्हणतेस?"

"हो."

"टबावरच्या पोरी महिनाभर टिकत नाहीत गं. तुझ्यासारखी धडधाकट मुलगी मी वर पाठवली तर इथे उभं कोण राहणार? अजून वर्षभर राहा. मग बघू."

हे तिने मला सांगितलं ते स्टोव्ह पुसताना, पाठमोरी. आणि आता लिहितेय तेही मान वर न करता. मी म्हटलं, जाऊन सांग त्याला की खोटं आहे ते, पोट दुखतंय. "आणि मग?" म्हणाली. "मग तर वरही नाही आणि खालीही नाही."

ती जाळीच्या टोपीतली म्हातारी समोर आली असती तर टोपी तिच्याच तोंडात कोंबली असती! पण ती नुसती चित्रात आहे. क्लूज मात्र चालतो-बोलतो.

१३ डिसेंबर, रविवार

चॅपलमध्ये क्लूजबंधूने हात पुढे केला. मी माझा पाठीमागे ठेवला. तो म्हणाला, "टॅमरबाई, पोट बिघडलंय वाटतं?"

२० डिसेंबर

ओळी उतरणीला लागल्यात. मला वाचता येत नाही, पण दिसतं. चिमण्या तारेवरून घसरताहेत. मी म्हटलं, थांब, आज पुरे.

(थंडी आहे आजी. बोटं गारठलीत. — शेगडी तर पेटलीय. — तरी थंडी आहे.)

२८ डिसेंबर

आज एनॉक लिहितोय. त्याच्या अक्षराची त्याला लाज वाटते. मी सांगितलं, असू दे. थिर्झा शेजारीच बसलीय, दोन्ही हात मांडीवर, मी ठेवले तसेच. चहा मी पाजला. तिचं अक्षर ज्याला बघायचंय, त्याने क्लूजच्या काचेवर बघावं.