मशीनवर चालणारे पाय

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी बाजू घेऊन आत्याशी भांडणं माझं अजून संपलेलं नाही. आत्याही आता नाही, म्हणजे भांडते ती मी एकटीच.

अंबरनाथ पूर्वेची आपली दोन खोल्यांची जागा. उल्हासनगरच्या शेठकडून कापलेले परकर यायचे आणि तू दिवसभर पायमशीनवर शिवत बसायचीस. मग एका वर्षी तुझे पाय अडायला लागले. मोरीकडे जायला निघतेस आणि उंबरठ्यात उभीच राहतेस, पाय फरशीला चिकटल्यासारखे. दोन्ही हातांनी चौकट धरलेली. पण धरून मशीनवर बसवलं, चाक जरा फिरवून दिलं, की तेच पाय तालात चालू. आत्या दारात बसून हे बघायची. "मशीनवर बरे चालतात, भांडी घासायचं म्हटलं की अडतात. नाटकं आहेत सगळी," म्हणाली. तू मान खाली घालून शिवत राहिलीस. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांनी हा कंपवात आहे हे ओळखलं आणि तुला निदान चालायला तरी लावलं. पावलामागून पाऊल पडायचा ताल बराचसा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच सांभाळतो, ते हिंदी-मराठीत समजावत होते. पण 'चला' हा हुकूम मेंदूने द्यायचा, आणि तुमचा हुकूम तिथेच अडकतो. मशीनचं चाक फिरलं की पायांना बाहेरून इशारा मिळतो. जमिनीवर आडव्या रेघा मारून बघा, त्या ओलांडताना पाय सुटतील, असंही म्हणाले. घरी येऊन मी तुझ्याच शिवणाच्या खडूने उंबरठ्यापासून मोरीपर्यंत रेघा ओढल्या. तू एक रेघ ओलांडलीस, मग दुसरी, आणि मोरीचा कठडा धरून रडायला लागलीस. मला वाटलं, आनंदाने.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते ना गं?"

आत्याचं बोलणं तू खरं धरून बसली होतीस, आई. एवढ्याशा खोलीत तू किती एकटी होतीस, ते मला तेव्हा कळलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? मी आता चिखलोलीला राहते. तब्येत ठणठणीत आहे. पण सकाळी पलंगावरून उठताना पहिलं पाऊल टाकायच्या आधी मी जराशी थांबते, आणि पाय उचलला गेला की जीव भांड्यात पडतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. विचारणारंही घरात कुणी नाही.