येवल्याला जायचं तर गाडीवरूनच

३ जानेवारी २०२६, शनिवार

नवीन वही. ऑफिसची आहे, पण तिथे नुसतीच पडून होती.

संकल्प: महाराणीचं संपूर्ण ओव्हरहॉल. घरच्या घरी, स्वहस्ते.

महाराणी म्हणजे माझी साडेतीनशे सीसीची टूरिंग मोटारसायकल. लग्नाच्या आदल्या वर्षी घेतली. गोवा केलं, हंपी केलं, कन्याकुमारीचा नकाशा आणला. गेली काही वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली विश्रांती घेते आहे. आज कव्हर काढलं. तिसऱ्या किकला सुरू झाली, पण आवाजात मला काहीतरी खटकलं. दुसऱ्या कुणाला खटकलं नसतं. अनुभव कामी येतो तो असा. सातपूरच्या कंपनीत एकोणतीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय, रोज हजार स्पेअर पार्ट हाताखालून जातात. हलवायाच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर जिलेबी येतेच.

मुदत: २२ फेब्रुवारी. लग्नाला पंचवीस वर्षं होतात. लग्नाच्या वर्षी ज्योत्स्नाला महाराणीवरून येवल्याला नेलं होतं. तिथले विणकर अन्सारभाई, त्यांच्या हातमागावर एक जांभळी पैठणी अर्धी विणून झाली होती, ती बघत ही तासभर उभी. मी तिथल्या तिथे शब्द दिला, पैठणी घ्यायला तुला याच गाडीवरून आणीन. मग मध्ये पंचवीस वर्षं गेली. आता तिने स्वतःच ऑर्डर दिली आहे आणि अन्सारभाईंनी बावीस तारीख दिली आहे.

ओव्हरहॉलचं सांगितलं तर म्हणाली, अहो, चालू आहे ना ती, मग नुसती पुसा. बायकांना मशीनमधलं कळत नाही. मी पैज लावली: बावीसला महाराणीवरून येवल्याला नेलं नाही, तर महाराणी तुझ्या भावाच्या पिकअपमध्ये टाक. ती लगेच हो म्हणाली. जरा जास्तच लगेच.

४ जानेवारी, रविवार

तो भाऊ आज आला. संतोष, लासलगावचा कांद्याचा व्यापारी. अर्धी गोणी लाल कांदा टाकून गेला. दुसऱ्यांना सासरहून अंगठ्या मिळतात. जाता जाता महाराणीला हात लावून म्हणाला, दाजी, लय झालं आता हिचं, इंजिन मला द्या, कांदा निवडायच्या मशीनला लावतो. मी त्याचा हात बाजूला केला.

दुपारी पार्किंगमध्ये घूस पाहिली. मांजराएवढी. सायलेन्सरमध्ये शिरली तर? पाच मिनिटांत उपाय सुचला. गोणीतला एक गोल्टी कांदा (बारीक असतो तो) सायलेन्सरच्या तोंडात बसवला. अगदी मापाचा! लाकडी ठोकळ्याने तीन ठोके देऊन आत पक्का केला. वरून प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. कांद्याच्या वासाने घूस फिरकत नाही, असा माझा अंदाज आहे. ज्योत्स्नाला सांगितलं नाही. तिला कांदे मोजायची सवय आहे.

१० जानेवारी, शनिवार

आठवडाभर कामाचा आराखडा केला. आज प्रत्यक्ष सुरुवात. आधी इंजिन गरम करावं म्हणून किक मारली. सुरू झाली नाही. एकूण एकवीस किका. उजवा गुडघा गेला.

निदान: थंडी. पारा आठवर आलाय. माणसं उठत नाहीत तर मशीन काय उठणार?

११ जानेवारी, रविवार

दुपारी उन्हात ठेवून पाहिली. नाही. म्हणजे थंडी नव्हती. प्लग काढून टूथब्रशने साफ केला. ब्रश ज्योत्स्नाचा निघाला. सगळे ब्रश निळे असतात, ही कंपन्यांची चूक.

एक समाधान: एवढ्या किका मारूनही सायलेन्सरमधून धुराचा कण नाही. इंजिन आतून किती स्वच्छ आहे बघा.

१७ जानेवारी, शनिवार

कार्बोरेटर खोलला. डायनिंग टेबलवर, स्टोअर्सच्या पद्धतीने: प्रत्येक पार्टला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला नंबर, नंबरांची यादी वहीत. ‘स्क्रू, बारीक.’ ‘स्क्रू, त्याहून बारीक.’ ‘हे काय आहे ते नंतर.’ ज्योत्स्नाने जेवायची ताटं आमच्या मांडीवर दिली.

संध्याकाळी पेट्रोल सोडणारा बारीक पितळी जेट सापडेना. रात्रीच्या वरणात सापडला. मिसळणाच्या डब्यात, मोहरीत पडला होता. सुदैवाने माझ्याच दाताखाली आला. जेट सुखरूप आहे. दाताचं बघू.

१८ जानेवारी, रविवार

वसीमला फोन केला. भद्रकालीत त्याचं गॅरेज आहे, महाराणी तरुण होती तेव्हापासून तिला ओळखतो. सल्ला घ्यायला नाही, माहिती द्यायला केला. तो म्हणाला, किशोरभाऊ, चालू गाडी खोलायची कशाला? मग म्हणाला, सिम्पल है, तीन चीज बघायची: पेट्रोल, करंट, हवा. हवा आत जाते तशी बाहेर पण निघाली पाहिजे. मागे धूर किती येतो? मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही. त्याने परत विचारलं, अजिबात? मग म्हणाला, येऊन बघतो. मी नको म्हटलं. पहिलीच्या मास्तरासारखं बोलतो. हवा म्हणे.

२६ जानेवारी, सोमवार

सोसायटीत झेंडावंदन. चेअरमननी आठवण करून दिली की पार्किंग हे पार्किंग आहे. मी जाहीर केलं, आज धक्का स्टार्ट. देशभक्तीचं वातावरण होतं, नऊ जण तयार झाले. गेटपासून गंगापूर रोडपर्यंत उतार आहे. सगळ्यांनी जीव तोडून ढकललं. मी क्लच सोडला. महाराणी गचकन थांबली, मागचे दोघे माझ्या पाठीवर आले आणि चेअरमन टाकीवर.

मग चढावरून परत ढकलत आणली. आता सातच जण होते.

कुणीतरी म्हणालं, कांद्याचा वास येतोय. नाश्त्याला मिसळ होती, येणारच. तर्री झणझणीत होती, पण माझ्या वाट्याला पाव आला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आता एकच मार्ग: इंजिन. डोकं (हेड) उतरवलं. आत सगळं छान दिसलं. छान दिसतं म्हणजे दोष खोल आहे. आणखी खोललं. एकशे चौदा पार्ट, एकशे चौदा चिठ्ठ्या. माझ्या स्टोअर्समध्येसुद्धा इतकी शिस्त नाही. मग सगळे पार्ट परातीत घेऊन पेट्रोलने स्वच्छ धुतले.

चिठ्ठ्यांसकट.

परातीत सगळ्यात शेवटी शाई राहिली. ज्योत्स्ना म्हणाली, ती परात आता तुमचीच.

७ फेब्रुवारी, शनिवार

स्मरणशक्तीच्या जोरावर जोडणी पूर्ण!! चार बोल्ट, एक स्प्रिंग आणि एक चकती उरली. कंपनी काही पार्ट जादा देत असणार. ‘जादा’ अशी चिठ्ठी लावून श्रीखंडाच्या डब्यात ठेवले. गाडी तेवढी हलकी झाली, ॲव्हरेज वाढेल.

सुरू झाली नाही. निदान चालू आहे. गाडी नाही, निदान.

८ फेब्रुवारी, रविवार

संतोषचा फोन. दाजी, टेन्शन नका घेऊ, शनिवारी एकवीसला पिकअप घेऊन येतो, दोर पण नवीन घेतलाय. मी म्हटलं, बावीसला तुझ्या दारावरून हॉर्न वाजवत जाईन. तो म्हणाला, हॉर्न तरी वाजतो ना?

खाली जाऊन पाहिलं. वाजत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज शोकेसमध्ये एक हेल्मेट दिसलं. नवं, जांभळं, किमतीचं लेबलसुद्धा तसंच. मला वाटलं माझ्यासाठी. घालून पाहिलं, कानावरच अडकलं. ज्योत्स्नाने दोन्ही हातांनी ओढून काढलं.

तिने स्वतःसाठी आणलंय. म्हणाली, पैठणी काय, कुरियरनेही आली असती, अन्सारभाई पाठवतो म्हणतच होते. मला मागे बसून जायचं होतं. तेव्हा निफाडपर्यंत तुम्ही गाणी म्हणत होतात, बेसूर, आणि मला हसूही येत होतं आणि पडायची भीतीही वाटत होती. तसं बसायचं होतं एकदा.

एवढं बोलून ती पोळ्या करायला गेली. मी पार्किंगमध्ये जाऊन महाराणीवर नुसता बसून राहिलो. खरं लिहितो, लाज वाटली. चांगली दहा मिनिटं. पंचवीस वर्षांत हिने एकच गोष्ट मागितली आणि तीसुद्धा मी परातीत धुतली. मग वाटलं, अजून आठ दिवस आहेत. आठ दिवसांत काय होत नाही!

वसीमला बोलवावं का? नको. आता बोलावलं तर श्रेय तो घेईल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी टाकली. शेवटचा प्रयत्न. नवा प्लग, नवं पेट्रोल, टाकीवर हळद-कुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. बावन्न किका. आता डावा गुडघाही गेला.

संध्याकाळी ज्योत्स्नाला समजावलं की एसटी जास्त सुरक्षित असते, शिवाय महिलांना तिकीट अर्धं. तिने हेल्मेट परत खोक्यात ठेवलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

घडलं ते सगळं लिहितो. वही माझीच आहे.

सकाळी संतोष पिकअप घेऊन हजर. पाठोपाठ वसीम. त्याला ज्योत्स्नाने परस्पर फोन केला होता. वसीमने गाडीभोवती एक चक्कर मारली. पाना हातात घेतला नाही, काही नाही. मागे वाकला आणि विचारलं, भाऊ, ही पिशवी कसली?

मला त्या क्षणी आठवलं. सगळं आठवलं, लाकडी ठोकळ्यासकट.

पिशवी काढली. आतून वीतभर हिरवीगार पात बाहेर आली. महाराणीच्या सायलेन्सरला कांदा उगवला होता.

वसीम खाली बसला, कारण हसून हसून त्याला उभं राहवेना. चेअरमन फोटो काढू लागले. संतोष एकटा गंभीर होता. पात निरखून म्हणाला, दाजी, इथंच चुकलात. लाल कांदा टिकत नाय, लगेच कोंब धरतो. उन्हाळ कांदा ठोकायचा, तो सहा महिने हालत नाय. अख्ख्या दिवसात मिळालेला हा एकमेव तांत्रिक सल्ला.

वसीमने पकडीने कांदा ओढून काढला आणि किक मारली. पहिल्या किकला सुरू! मी सगळ्यांकडे पाहिलं. अकरा सेकंद पाहिलं. मग खालून तेलाची धार लागली, आतून पातेलं पडल्यासारखा आवाज आला आणि वसीमने घाईघाईने चावी काढून घेतली. विचारलं, काही पार्ट उरले होते का? मी श्रीखंडाचा डबा आणून दिला. ‘जादा’ ही चिठ्ठी वाचून तो म्हणाला, साहेब, ये जादा नहीं है, हीच गाडी आहे.

तीन जानेवारीला तिला काय झालं होतं, असं मी विचारलं. चेनला तेल पाहिजे होतं, म्हणाला.

महाराणी दोन फळ्यांवरून पिकअपमध्ये चढली. संतोषने नव्या दोराने चारी बाजूंनी आवळली. मी तोंड फिरवून उभा राहिलो. तेव्हा ज्योत्स्नाने निकाल दिला: गाडी संतोषच्या मशीनला जाणार नाही, सोमवारी वसीमच्या गॅरेजला जाईल. लासलगावला जाईल ती यांची हत्यारांची पेटी. पेटीला महाराणीशेजारी बांधण्यात आलं. पान्यांना मी चिठ्ठ्या लावून दिल्या.

कांदा तिने कुंडीत लावला आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

संतोष रात्री मुक्कामाला होता. म्हणाला, ताई, एसटी कशाला, मीच सोडतो येवल्याला. तिघे पुढे केबिनमध्ये बसलो, महाराणी मागे. निफाड गेलं. मी गाणं म्हटलं नाही. लासलगावला पेटी उतरवली, ती मी पाहिली नाही.

विंचूरच्या पुढे ज्योत्स्नाने पिकअप थांबवायला लावली. उतरली. पिशवीतून जांभळं हेल्मेट काढून डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि मागच्या फाळक्यावरून वर चढली. साडी सावरून महाराणीच्या मागच्या सीटवर बसली. म्हणाली, अहो, या ना. संतोष म्हणाला, दाजी, बसा निवांत, मी वीसच्या वर नेत नाय.

मी बसलो. हँडल धरलं. सवयीने क्लचही दाबला.

दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. बाया निंदणी सोडून उभ्या राहून बघत होत्या, ट्रॅक्टरवाले हॉर्न देत होते. ज्योत्स्नाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, गाणं म्हणा. म्हटलं. बेसूरच लागलं. ती इतकी हसली की हेल्मेट माझ्या पाठीवर आपटत होतं. मला फार बरं वाटलं. वळणं मी व्यवस्थित घेतली.

अन्सारभाई दारातच उभे होते. वर बघून म्हणाले, अरे वा, तीच गाडी! आणि काय चकाचक ठेवलीय. पैठणी जांभळीच आहे, हेल्मेटला अगदी मॅच.

नोंद: शब्द दिल्याप्रमाणे ज्योत्स्नाला महाराणीवरूनच येवल्याला नेलं. संपूर्ण प्रवासात गाडी एकदाही बंद पडली नाही.