दोन्ही टोकांना कुंकू

१६ सप्टें.
जोडणी झाली. कारखान्यातल्या धर्मकाट्यावरचा, गेटवरचा आणि स्टोअरचा पीसी आता क्लाउडवरच्या, म्हणजे दूरच्या शहरातल्या, दोन मशीनशी बोलतात, त्या शेजारच्या खोलीत असल्यासारखे. ट्रक चढवून पाहिला. वजन क्लाउडवर पोचलं, गेटपास इथे छापून निघाला.
तिवारी सरांनी, म्हणजे आमच्या नेटवर्क कंपनीतल्या सीनियरांनी, कारखान्याच्या मालकांना, सेठजींना फोन केला. "हमने कर दिया." हमने. सरांनी नेटवर्कच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.
तिथल्या रॅकमध्ये एक जादा वायर ठेवली, एक टोक स्विचच्या डब्यात, दुसरं मोकळं. चाचणीला लॅपटॉप लावायला.
आता सेठजींचं बोरसीचं गोदाम. ती जोडणी मला हवी.

१७ सप्टें.
विश्वकर्मा पूजा. कारखाना बंद, यंत्रं धुऊन हार घातलेले. मूर्ती नेटवर्कच्या खोलीत बसवली, एसी आहे म्हणून. ग्रुपवर फोटो: सेठजी स्वतः रॅक झाडतायत. एकेक वायर काढून, पुसून, कुंकू लावून परत खोचलेली. भोकं सगळी सारखीच दिसतात.
सरांना लिहिलं, उद्या चालू करण्याआधी मला रॅक बघू द्या. उत्तरात जोडलेले हात आणि लाडूचा फोटो.

१८ सप्टें.
ठप्प. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. सरांनी सेठजींना सांगून टाकलं, क्लाउडमध्ये प्रॉब्लेम आहे, मॅडम बघतायत.
क्लाउडवर काही झालेलं नाही. दोन्ही मशीन निवांत बसून आहेत. गेटचा पीसी स्टोअरच्या पीसीपर्यंतसुद्धा पोचत नाही, आणि मध्ये फक्त एक भिंत आहे. म्हणजे दोष कारखान्याच्या आत. सरांना हे असंच सांगितलं. ते हळूच म्हणाले, "सेठजी ने अपने हाथ से किया है. उसमें गलती कैसे निकालें?"
म्हणजे त्यांना ठाऊक आहे.
गेले तिथे. मूर्ती नेमकी रॅकच्या दाराला टेकून. विसर्जनाआधी हलवायची नाही, मॅनेजरनं हात आडवा केला. काट्यावर हातानं पावत्या लिहिणं चालू. एक ड्रायव्हर म्हणाला, "मैडम का बादल फट गया." सगळे हसले. मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं.

२० सप्टें.
काल संध्याकाळी विसर्जन. आज रॅक उघडला.
माझी जादा वायर. मोकळं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलेलं. लोंबकळत होतं, पूजेला बरं दिसलं नसावं. एकाच डब्यातून निघून त्याच डब्यात परत शिरणारी वायर: निरोप गोल फिरत राहतात, वाढत जातात, बाकी कोणाला वाट मिळत नाही. ओढून काढली. पहिल्याच ट्रकचं वजन वर पोचलं.
सेठजी आले. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, सेटिंगमध्ये मॅडमकडून छोटीशी चूक राहिली होती, सुधारली. आणि सेठजी चांगले वागले, ते जास्त लागलं. "कोई बात नहीं बेटी, सीखने की उम्र है."
हातावर प्रसाद ठेवला. घेतला. वायर बॅगेत टाकून निघाले.

२१ सप्टें.
रुआबांध्याला घरी. सांगणार नव्हते, सांगितलं. बाबा स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून रिटायर झाले.
"तू कावून एवढी तापून राहिली? मोठ्या मानसाले त्याची चूक तोंडावर सांगाची नसते. मी नाही का आयकून घेतलं, अख्खी नोकरी?"
मग ती माझ्या नावावर टाकायची असते का, मी विचारलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई आतून: "अन् प्रसाद कुठी टाकला तू?"
बॅगेतच आहे. चुरा झालाय.
रात्री सरांचा मेसेज. बोरसीला रायपूरचा मुलगा जाईल. "आप कुछ दिन कैमरे का काम देख लो." कॅमेरे. शिडीवर चढून स्क्रू पिळणं.

२२ सप्टें.
सेठजींचाच फोन, थेट मला. बोरसी मीच करावं असं त्यांना वाटतं. "बस इतना बता दो बेटी, गलती क्या थी, ताकि वहाँ न हो. कल तिवारी जी के साथ आ जाओ."
पाठोपाठ सर. त्यांना कळलं होतं. "सेटिंग बोल देना. एक शब्द है. फिर बोरसी तुम्हारा."
माझी सेटिंग चुकली नव्हती. हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे, आणि कोणाला म्हणता आलेलं नाही.
खोटं बोलले तर बोरसी माझं. खरं बोलले तर सेठजींच्या तोंडावर, मॅनेजरसमोर, त्यांच्या पूजेबद्दल.
बॅग आवरताना वायर बाहेर काढली. दोन्ही टोकांना कुंकू, सेठजींच्या अंगठ्याची रेघ उमटलेली. बाबा बघत होते. मग म्हणाले, "पुसून ठेव न. बॅग लाल होईन."
पुसली नाही. तशीच गुंडाळून बॅगेच्या वरच्या खणात ठेवली आहे, उद्यासाठी हाताशी.