श्रेयाचा प्रश्न

बोरी बुद्रुक,
१८ फेब्रुवारी २०२५

रत्नाताई,

नमस्कार. आईंचा गुडघा आता बरा आहे, सकाळी गोठ्यापर्यंत जाऊन येतात. कांदा काढणीला आलाय, पण माणसं मिळत नाहीत. गेणभाऊंचं वासरू बिबट्यानं नेलं, तेव्हापासून दिवस कलला की कोणी उसाकडं फिरकत नाही. मीही घरातच असते. अशक्तपणा आहे अजून.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे.

सार्थकनी गावाला सांगितलं, बाळ पोटातच गेलं. तुम्हालाही तेच सांगितलं. मुलगी होती म्हणून पाडलं, असं लोक बोलतील ही त्यांना भीती. मग आईंकडून तुम्हाला खरं कळलं. पण अर्धंच.

पाचव्या महिन्यात मला टायफॉइड झाला आणि सोनोग्राफी राहून गेली. झाली तेव्हा सातवा लागला होता. बाळाचा मणका उघडा, डोक्यात पाणी. श्रेयाला आहे तेच, पण खूप जास्त, असं डॉक्टर म्हणाले. इतके महिने झाल्यावर कायद्यानं डॉक्टरांच्या मंडळापुढं जावं लागतं, म्हणून पुण्याला गेलो. तिथल्या मॅडमनी विचारलं, "असं मूल जवळून पाहिलंय का?"

"माझ्या नणंदेची मुलगी आहे," मी म्हणाले. "अकरा वर्षांची. चाकाच्या खुर्चीवरून शाळेत जाते. गणितात वर्गात पहिली."

"मग?"

श्रेयासारखं मूल नको असं मी म्हणाले, हे तुमच्यापर्यंत पोचलं. ताई, तसं मी म्हणाले नाही. मी म्हणाले, मी रत्नाताईंसारखी नाही. सासरच्यांनी हात वर केले तेव्हा तिची ऑपरेशनं तुम्ही एकटीनं निभावलीत. लघवीची नळी घालायला रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाता. मी हे सगळं पाहिलंय. मला ते जमलं नसतं. यात लाज असेल, पण खरं हेच आहे.

मंडळानं परवानगी दिली. इथवर आईंना माहीत आहे.

नंतर मॅडमनी आम्हा दोघांना बाजूला बसवलं. म्हणाल्या, "आत्ता जन्मलं तर श्वास घेईल. काचेच्या पेटीत ठेवलं तर कदाचित जगेलही. तसं नको असेल तर आधी सुई देऊन ठोके थांबवावे लागतील. काय करायचं ते तुम्ही सांगा."

सार्थक खाली फरशीकडं बघत राहिले. "तू सांग," म्हणाले.

मी सुई द्या म्हणाले.

सुईनंतर तिनं एकदा पाय मारला. मग नाही. हे मी सार्थकनाही सांगितलेलं नाही. मुलगीच होती. डोक्यावर दाट जावळ होतं.

पुन्हा वेळ आली तर काय करशील, हे मला विचारू नका. रोज वेगळं उत्तर येतं.

परवा तुमच्या फोनवरून श्रेयाचा फोन आला. तुम्ही बहुतेक शेतात होता. तिनं हळू आवाजात विचारलं, "मामी, तुझं बाळ माझ्यासारखं व्हतं म्हणून नको झालं का?"

मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून ती पोर काय मनात घेऊन बसली असेल, याच विचारानं जेवण जात नाही.

तिच्याशी खोटं बोलले तर तिला कळेल. आणि खरं सांगायचं तर ते मीच सांगायला हवं, तुमच्यावर ते ओझं नको. रविवारी सकाळच्या एसटीनं लोणीला येते, एकटीच. ती विचारेल त्याचं उत्तर देईन. ती चिडली, रडली, मला जा म्हणाली तरी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेईन.

मला घरात घेतलं नाहीत तरी चालेल. तिला तेवढं अंगणात येऊ द्या.

भावजय म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

अश्विनी